‘बारीक झालंस मरे!’ – तब्येत सांभाळताना माणसं कशी सांभाळता?

सड्यावरचा – ११ ऑगस्ट, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चूकभूल सांभाळून घ्या.

मी मालवण तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. वय ४३. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, म्हणजे दिवसभर खुर्ची. मार्चमध्ये सहज रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.३ निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून घरात शिरली नाही, पण उंबऱ्यावर उभी आहे. माझ्या वडिलांना डायबेटीस होता. त्यांची शेवटची दोन वर्षं पायाच्या जखमेत गेली आणि ते ड्रेसिंग मीच करायचो. त्यामुळे मला कोणी वेगळं घाबरवावं लागलं नाही.

पहाटे साडेपाचला घरातून निघतो, सड्यावर (गावावरच्या कातळाच्या पठारावर) जाऊन परत. जेमतेम चार किलोमीटर. आता पाऊस आहे म्हणून एका हातात छत्री, एका हातात बॅटरी (फुरशांची भीती). भात फक्त दुपारी, एक वाटी. रात्री नाचणीची भाकरी, भाजी, मासे. चहा बिनसाखरेचा. ८२ किलोचा ७५ झालो. यात मला कसलाच त्रास नाही. भूकसुद्धा आता शहाणी झाली आहे.

त्रास आहे तो माणसांचा.

पहिले दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. मग पँट सैल झाली आणि पाणंदीत गाठून विचारणं सुरू झालं. “काय रे, बारीक झालंस मरे! साखर गावली काय? लपव नको, आमच्या भावाक पण असाच झाला होता.” त्या भावाचं पुढे काय झालं ते वाडीत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे वाक्य तिथेच संपतं. दुसऱ्या एकाने दुकानात येऊन हळूच विचारलं, कर्ज वगैरे झालंय का. सकाळी सड्यावर भेटणाऱ्याला वाटतं घरात भांडण झालंय.

घरी आई. तिचं म्हणणं, “भाताशिवाय जेवाण कसला? मी तुका उपाशी ठेवतंय असा लोक म्हणतले.” लोक तसं म्हणत नाहीत. लोक म्हणतात, सून जेवायला घालत नाही. म्हणजे वजन माझं उतरलं आणि टोमणे बायको खाते. परवा नारळी पौर्णिमेला नारळीभात नको म्हटलं तर आई दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी स्वतः चहा करून आणला. घोट घेतला तर गोड. विचारलं तर म्हणे, “साखर नाय रे, गूळ घातलंय!”

आता चतुर्थी तोंडावर आली. मी भजनात झांज वाजवतो. एका रात्रीत दहा-बारा घरं होतात. प्रत्येक घरी चहा, काळ्या वाटाण्याची उसळ, पाव, लाडू, करंजी. बारा घरांत दोन-दोन चमचे साखर धरली तरी नुसत्या चहातून चोवीस चमचे. आणि कोणाकडे नको म्हटलं की ‘आमच्या घरचं चालत नाही याला’. भजनाला जाणं सोडणार नाही, ते एकच व्यसन आहे.

तुम्ही लोक काय करता?

---

खवचट_खोत – ११ ऑगस्ट, रात्री १०.४०

बिनसाखरेचा चहा पिणाऱ्याला आमच्या गावात जावई करून घेत नाहीत, पाहुणा म्हणून वळचणीला उभं करतात. (दिवे घ्या, म्हणजे गंमत समजा.)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पॉपकॉर्न चालतो ना?

---

भाट्येकरीण – ११ ऑगस्ट, रात्री ११.३०

सड्यावरचा, तुम्ही पुरुष आहात म्हणून लोक फक्त साखर नि कर्ज विचारतात. मी रत्नागिरीत सकाळी सहाला भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला जायला लागले तेव्हा एका लांबच्या नणंदेने सासूबाईंना फोन केला, की तुमची सून पहाटे कोणाला भेटायला जाते. बूट घातलेत म्हणजे काहीतरी आहेच! सासूबाईंनी मला तेव्हा एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः चपला घालून सोबत आल्या, सुरूच्या बनापर्यंत. खात्री करून घ्यायला आल्या होत्या, मला कळत होतं. आता तीन वर्षं येतायत. गुडघे दुखतात म्हणून अर्ध्या वाटेत बसून राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारतात. माझं चालणं त्यांनी कधी मान्य केलं असं नाही, त्यांना त्यांचा कट्टा मिळाला.

पण माझी खरी लढाई मिठाची होती. बीपी निघालं, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यातच पापड, लोणचं, खारा बांगडा सगळं आलं. आपल्याकडे पावसाळ्यात खाऱ्या बांगड्याशिवाय पेज घशाखाली उतरते का? मी आमटीत मीठ निम्मं केलं. नवरा म्हणाला अळणी. मी म्हटलं सवय होईल. आठ दिवसांत खरंच कोणी तक्रार करेना, मी खूश. मग एकदा लवकर घरी आले तर सासूबाई पातेल्यात मीठ टाकतायत. रोज टाकत होत्या!

भांडले नाही. तेव्हापासून आमटी अळणीच करते, आणि मिठाचं भांडं ताटाजवळ ठेवते. ज्याला हवं त्याने घ्यावं. खारा बांगडा मी घेते तो गरम पाण्यात भिजवून, पाणी टाकून, आणि एक तुकडा. बाकीच्यांचं त्यांनी बघावं. घराला सुधारायचा नाद सोडला तेव्हा घरातलं निम्मं भांडण संपलं.

आणखी एक, जे बायकांनाच कळेल. आपण शेवटी जेवतो आणि ‘उरलंय, टाकवत नाही’ म्हणून दोन वाट्या भात जास्त जातो. तो भात कोणी आग्रह करून वाढलेला नसतो, आपण स्वतःच वाढून घेतो. मी तांदूळ एक मूठ कमी घ्यायला लागले आणि उरलेलं कोंबड्यांना. कोंबड्या मात्र जाड झाल्यात.

---

डोंबिवलीकर_मूळ_गुहागर – १२ ऑगस्ट, सकाळी ८.०५

चाकरमान्यांच्या वतीने माफी मागतो. दर चतुर्थीला मी दोन पिशव्या फरसाण, एक खोका मिठाई आणि बिस्किटांचे पुडे घेऊन उतरतो. वहिनी दरवर्षी म्हणते, ‘भाऊजी, घरात तिघांना साखर आहे.’ मी दरवर्षी म्हणतो, ‘अगो, सणाला काय होतंय!’ परवा ती फोनवर म्हणाली, तुम्ही अकरा दिवसांनी जाता, पुडे दिवाळीपर्यंत राहतात.

या वर्षी सफरचंदं आणतो. शिव्या खाईन.

---

दवाखान्यातली – १२ ऑगस्ट, दुपारी २.२०

आरोग्य केंद्रात नर्स आहे, डॉक्टर नाही, हे आधी सांगते.

सड्यावरचा, ५.७ ते ६.४ हा उंबरठा, ६.५ पासून पुढे डायबेटीस. तुम्ही वेळेत जागे झालात. अशा उंबऱ्यावरच्या भारतीय लोकांवर चेन्नईच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २००६ साली आला होता. नुसता आहार आणि चालणं सुधारल्यावर डायबेटीस होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे तुमची छत्री-बॅटरी फुकट नाही.

‘आमच्याकडे कोणाला नव्हतं हो असलं काही’ म्हणणाऱ्यांसाठी: २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सगळ्यात जास्त डायबेटीस कुठे निघाला माहीत आहे? आपल्या शेजारी, गोव्यात. २६.४ टक्के. तेच मासे, तोच भात. तेरेखोलच्या खाडीला हे कळत नाही की आता सिंधुदुर्ग लागला, थांबू या.

आणि कृपा करून इथलं वाचून कोणी स्वतःच्या गोळ्या कमी करू नका. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना हरताळकेचा कडक उपास करणाऱ्या बायका दरवर्षी आमच्याकडे घाम फुटून, थरथरत येतात. साखर खाली जाते. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

---

दर्यावर्दी – १२ ऑगस्ट, रात्री ९.५०

मी दापोलीच्या बाजूचा. बोटीवर असतो. माझं प्रकरण भाताचं नाही, बाटलीचं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. एकसष्ट दिवस बोट वर ओढलेली, हातात काम नाही, संध्याकाळी चारपासून बैठक. गेल्या वर्षीच्या बंदीच्या आधी पोटाची सोनोग्राफी झाली, लिव्हर फॅटी म्हणाले. सोडली. त्या दिवसापासून मी मित्रांचा शत्रू. ‘बायकोने ताईत बांधला.’ ‘आता कीर्तनाला बस.’ एकाने तर माझ्या थंड पेयात ओतून दिली गंमत म्हणून. ती गंमत मी अजून विसरलो नाही.

पहिल्यांदा मी हुशारी केली, बैठकीला जाऊन नुसता बसायचो. चूक. नऊ वाजेपर्यंत ते मला ओढायचे आणि नऊनंतर मी त्यांचा रागराग करायचो. मग जाणंच बंद केलं आणि चार वाजता आमच्या म्हाताऱ्या काकाच्या पडवीत जाळी दुरुस्त करायला बसायला लागलो. काका बोलत नाही फार. तेच पाहिजे होतं.

चौदा महिने झाले. ज्याने ओतून दिली होती तोच मागच्या महिन्यात रात्री अकराला फोन करून विचारत होता, ‘कुठल्या डॉक्टरकडे गेलेलास?’ कोणाला सांगू नको म्हणाला. म्हणून नाव सांगत नाही.

---

दवाखान्यातली – १२ ऑगस्ट, रात्री १०.१०

दर्यावर्दी, शाब्बास. वाचणाऱ्यांसाठी एवढंच जोडते, की रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात बंद केली तर हात थरथरणं, भास, फिट असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. सोडा जरूर, पण डॉक्टरांना सांगून सोडा.

---

आंबोळी – १३ ऑगस्ट, सकाळी ११.००

वेंगुर्ल्यातून हजेरी. माझा उपाय साधा: ‘डॉक्टरांनी बंद केलंय’ म्हणायचं. ‘मला नको’ म्हटलं की सगळे वाद घालतात, डॉक्टरचं नाव काढलं की गप्प. आपल्या माणसाच्या इच्छेला मान नाही, औषधाच्या चिठ्ठीला आहे. चालायचंच.

---

अजून_लग्न_नाही – १३ ऑगस्ट, दुपारी १.१५

आंबोळीताई, हा उपाय माझ्यासारखीला चालत नाही. डॉक्टर म्हटलं की संध्याकाळपर्यंत कणकवलीभर ‘तिला काहीतरी आहे’ आणि पुढची दोन स्थळं गायब.

माझं तर उलटंच. मी जिमला लागले तेव्हा सगळे इतके खूश! मामी म्हणाली, ‘बरा केलंस, आता लगेच जमतला.’ मी वजनं उचलते, मला पुढच्या वर्षी हरिश्चंद्रगड चढायचाय. दंड थोडे भरले तर तीच मामी, ‘बाप्यासारखी दिसाक लागलंस, बस कर.’ बारीक हो, पण मजबूत होऊ नको. असल्या पाठिंब्यापेक्षा सड्यावरच्यांच्या आईचा गूळ बरा.

---

खवचट_खोत – १३ ऑगस्ट, रात्री ९.३०

जरा गंभीर होतो, वर्षातून एकदा.

सगळे प्रतिसाद ‘लोक कसे वाईट’ या चालीवर चाललेत. धागाकर्त्याला सरळ प्रश्न: मार्चपासून आजवर तुम्ही किती जणांना त्यांच्या ताटाबद्दल बोललात? माझा सख्खा मेव्हणा असाच पाच-सात किलो उतरला. तेव्हापासून त्याच्यासमोर जेवायची चोरी. वडा उचलला की ‘किती कॅलरी माहितीये का?’ एकदा आमच्या नव्वदीच्या आत्याला मोदक खाताना तेलबियांवर व्याख्यान दिलं. आम्ही त्याला विरोध करतो असं तो सगळीकडे सांगतो. आम्ही त्याच्या चालण्याला विरोध करत नाही, त्याच्या तोंडाला करतो.

---

सड्यावरचा – १३ ऑगस्ट, रात्री ११.०५

खोत, लागलं. खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात मावशी आली होती. चहात बिस्किटं बुडवत होती आणि मी पुडा उलटा करून तिला मैदा किती, साखर किती, पामतेल किती ते वाचून दाखवलं. चष्मा लावून. ती हसली, पुडा बाजूला ठेवला आणि दोन दिवस आमच्याकडे चहाच घेतला नाही. तेव्हा मला वाटलं होतं तिला पटलं.

उद्या फोन करतो तिला.

भाट्येकरीण, मिठाच्या भांड्याची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘बघा, त्या बाईने सासूला काही सिद्ध करून दाखवलं नाही.’ पुढे काही बोलली नाही, पण ते मलाच होतं.

---

डोंबिवलीकर_मूळ_गुहागर – १४ ऑगस्ट, सकाळी ७.५०

खोतांना अनुमोदन. आणि अवांतर: उकडा तांदूळ सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा साखरेला बरा असं वाचलंय, खरं का?

---

दवाखान्यातली – १४ ऑगस्ट, दुपारी ३.००

थोडा बरा. पण ‘बरा’ म्हणून दीड वाटीऐवजी तीन वाट्या घेतला तर हिशेब तिथेच येतो. वाटी महत्त्वाची. सोबत कुळथाची पिठी, टाकळा-भारंगीसारख्या पालेभाज्या, मासे जास्त ठेवा. मासे शक्यतो कालवणातले, तळलेले कमी. आणि पोटाचा घेर मोजत राहा: पुरुष ९० सेंटिमीटर, बाई ८० सेंटिमीटर, त्याच्या आत.

---

सड्यावरचा – ८ सप्टेंबर, रात्री ९.४५

धागा वर काढतोय. आमच्याकडे गौरी-गणपती गेले, घर रिकामं वाटतंय, म्हणून बसलो लिहायला.

आधी भजन. पहिल्या दोन घरी मी ‘अर्धा कप’ म्हणून वेळ मारून नेली. तिसऱ्या घरी ट्रे आला आणि मी तोंड उघडायच्या आधी आमचे बुवा, गावात ज्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही ते, पेटीवरचा हात न काढता म्हणाले, “बाय, माका बिनसाखरेचो.” सगळे बघायलाच लागले. तर म्हणे नऊ वर्षं गोळी चालू आहे. नऊ वर्षं माणूस रात्रीत बारा गोड चहा पीत होता, गोळी खिशात. मी म्हटलं, मलाही तसाच. मग मृदंगवाला. मग कोरसातला एक, ज्याला काही नाही, पण गर्दीत घुसला. पुढच्या घरापासून ‘एक किटली बुवांची’ अशी वेगळी यायला लागली. बुवांमुळे मी वाचलो, मी स्वतः काहीही शौर्य केलेलं नाही. एक मोदक मात्र रोज खाल्ला, घरचा, तूप घालून, आणि कोणाला हिशेब दिला नाही.

आता आई. गौरी गेल्या त्या रात्री मी भाकरी मागितली, ती बायको करत होती. आई चुलीजवळ बसली होती. एकदम म्हणाली, “तू पोटात होतंस तेव्हा संप झालो.”

गिरणी संप, १९८२. वडील तेव्हा लालबागला गिरणीत होते, मला माहीत होतं, पण तेवढंच. आई इथे आजीजवळ. मनीऑर्डर बंद झाली. वडील दोन-तीन महिने वाट बघून गावी आले. घरात तांदूळ पुरेना. तो पाऊसभर नाचणीची आंबील, नाचणीची भाकरी, तीसुद्धा मोजून. माझ्या जन्मानंतर बाळंतिणीला म्हणून शेजारच्या घरातून पायलीभर तांदूळ आणला, तो परत करायला वर्ष लागलं. “तेव्हाच म्हटलेलंय, ह्या झिलाक मी भात घालीन.”

चाळीस वर्षं तिने घातला. आणि मी तिच्यासमोर ताटात तीच भाकरी मागून घेतोय, वर सांगतोय की ती जास्त चांगली.

मी काय बोलणार? गप्प जेवलो. दुसऱ्या दिवशीपासून दुपारचा वाटीभर भात तिच्या हातून वाढून घेतो, आधी मी स्वतः घ्यायचो. वाटी तीच. ती वाटीत दाबून भरते, ते मी बघत नाही.

परवा पाणंदीतल्या काकीने तिला विचारलं, झील रात्री भात का खात नाही. मी आतून ऐकत होतो. आई म्हणाली, “तेका पित्त होता. माझ्याच वळणाचो आसा.” नवीनच कळलं, मला पित्त आहे. बायकोवरचा टोमणा तरी गेला.

मावशीला फोन केला होता. बिस्किटांचा विषय मी काढला नाही, तिने काढला.

---

भाट्येकरीण – ८ सप्टेंबर, रात्री १०.२०

दोनदा वाचलं. माझ्या सासूबाई मिठाचं भांडं का सोडत नाहीत, ते विचारायला हवं कधीतरी. त्या मीठगराच्या गावच्या आहेत. सुचलंच नव्हतं.

---

खवचट_खोत – ८ सप्टेंबर, रात्री १०.३५

मेव्हण्याला धागा पाठवला. माझा प्रतिसाद तेवढा वगळून.

सड्यावरचा, तुमच्या मातोश्रींची साखर कधी तपासलीय का?

---

सड्यावरचा – ८ सप्टेंबर, रात्री १०.५०

कधीच नाही. ‘माका काय झाला?’ म्हणते. रात्री तीनदा उठते, पाणी पिते, हे मीही आत्ता तुम्ही विचारल्यावरच जोडून बघतोय.

बुधवारी नेतो. तिला सांगणार आहे की तपासणी माझी आहे, सोबत चल.

---

दवाखान्यातली – ८ सप्टेंबर, रात्री ११.००

उपाशीपोटी न्या. सकाळी चहा देऊ नका. गुळाचासुद्धा.